दगड नको, दावा हवा : चंद्रिकाबाईंच्या मृत्यूपासून आपण काय शिकायचे?

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. गावच्या डॉक्टरने अस्पृश्यांच्या वस्तीत यायला नकार दिला. मध्यस्थांनी गळ घातली, दोन रुपये फी ठरली, आणि तापाने फणफणलेल्या त्या बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर तिला लावला नाही. तो एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो डॉक्टरकडे परत गेला. डॉक्टरने लांबूनच न्यूमोनियाचे निदान केले. पुढे तो आलाच नाही. बाई मेली.

त्या शिक्षकाने काय केले? त्याने गांधीजींच्या 'यंग इंडिया'ला पत्र लिहिले आणि १९२९ मध्ये ते छापून आले. त्याच्या हातात तेवढेच होते. त्या डॉक्टरला जाब विचारील असे दार त्याला माहीत नव्हते, आणि माहीत असते तरी ते त्याच्यासाठी उघडले असते असे म्हणवत नाही. बाबासाहेबांनी हे पत्र आपल्या अनुभवांच्या शेजारी ठेवले, कारण टांग्यातून पडणे, पाणी न मिळणे, घर न मिळणे आणि औषध न मिळणे हे त्यांच्या लेखी एकाच साखळीतले दुवे होते.

आम्ही हा प्रसंग आज पुन्हा काढतो आहोत तो रडण्यासाठी नाही. दवाखान्यात माणूस हलगर्जीने दगावला तर आपल्या वस्तीत आजही तीनच गोष्टी घडतात. कुणी म्हणतो, नशीब. कुणी काचा फोडतो. कुणी गावपुढारी मध्ये पडून पाच-पन्नास हजारांत मिटवून टाकतो. चौथी गोष्ट, म्हणजे कायद्याने दावा करणे, ही 'आपल्या आवाक्यातली नाही' असे आपण मनाशी धरून चालतो. ही समजूत खोटी आहे. ती खोटी ठरवणारा एक मोठा खटला आपल्याच मराठवाड्यात घडला आहे.

औरंगाबाद, जुलै १९६३

चंद्रिकाबाई नावाची एक बाई १० जुलै १९६३ रोजी औरंगाबादच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात दाखल झाली. त्याच दिवशी तिला मुलगा झाला. १३ जुलैला तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिला ताप चढला, पोटात असह्य वेदना सुरू झाल्या. दिवसामागून दिवस गेले. १९ जुलैला दुसऱ्या डॉक्टरांनी टाके उघडले, तेव्हा पोटात राहिलेला टॉवेल सापडला. २४ जुलैला चंद्रिकाबाई गेली. दवाखान्यात पाऊल ठेवल्यापासून चौदा दिवस.

तिचा नवरा आणि मुले कोर्टात गेली. दावा सरकारवर आणि डॉक्टरांवर होता. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई मंजूर केली. राज्य सरकार अपिलात गेले. आता बघा, सरकारने काय मांडले. दवाखाना चालवणे हे राज्याचे सार्वभौम काम आहे, म्हणून नोकराच्या चुकीची जबाबदारी राज्यावर येत नाही, हा तो मुद्दा. उच्च न्यायालयात तो टिकला आणि कुटुंब हरले.

ते कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. 'अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने तो निकाल आज देशभरातल्या वकिलांना पाठ आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा पुन्हा कायम केला. न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली : दवाखाना चालवणे हे कल्याणकारी काम आहे, ते खाजगी लोकही करतात, त्यामुळे ते राज्याचे सार्वभौम काम नव्हे. दुसरी : पोटात टॉवेल राहिला ही गोष्ट स्वतःच बोलते. तो कुणी ठेवला, कसा राहिला हे भूल दिलेल्या बाईने किंवा तिच्या अडाणी नातेवाइकांनी सिद्ध करायचे नसते. खुलासा दवाखान्याने द्यायचा असतो.

१९६३ ते १९९६, तेहतीस वर्षे. खटल्याच्या नावात चंद्रिकाबाईचे नाव नाही, म्हणून आम्ही ते इथे वारंवार घेतो आहोत. रक्कम तीच राहिली, पण एका घराच्या चिकाटीने कोट्यवधी गरिबांसाठी सरकारी दवाखान्याला जाब विचारण्याचा रस्ता पक्का झाला.

घोड्याला मिळालेला न्याय

राज्याला जबाबदारी टाळता येते, हे तत्त्व आले कुठून? ते राजवटीचे उष्टे आहे. राजा चूक करीत नाही, ही इंग्रजांची जुनी समजूत कंपनी सरकारबरोबर इथे आली. १८६१ मध्ये कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. सरकारी गोदीतले मजूर लोखंडाचा जड तुकडा नेत असताना तो पडला आणि पी. अँड ओ. या जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला. कंपनीने ३५० रुपये मागितले. न्यायालय म्हणाले, गोदी चालवणे हे सार्वभौम काम नव्हे, सबब सरकार जबाबदार आहे.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या कलम ३०० ने सरकारवर दावा लावण्याची सोय ठेवली, पण 'सार्वभौम काम' ही पळवाट कोर्टांच्या निकालांतून जिवंत राहिली. १९६५ च्या कस्तुरीलाल खटल्यात पोलिसांच्या ताब्यातून सोने गेले तरी राज्य जबाबदार नाही असे ठरले. त्याच वाटेने महाराष्ट्र सरकारने चंद्रिकाबाईच्या मुलांना कोर्टात अडवले. विचार करा : गोऱ्या कंपनीच्या घोड्यासाठी १८६१ मध्ये सरकार जबाबदार धरले गेले, आणि मराठवाड्यातल्या बाळंतिणीसाठी तेच सरकार जबाबदार आहे हे कायमचे ठरायला १९९६ उजाडावे लागले.

म्हणूनच आम्ही म्हणतो की भरपाईचा दावा ही पैशाची मागणी नसते. 'तू राजा नाहीस, तू घटनेने बांधलेला नोकर आहेस' हे राज्याला सांगण्याची ती रीत आहे.

ही परंपरा आपलीच आहे

कोर्टकचेरी हे ब्राह्मण-बनियांचे काम, आपले काम रस्त्यावर, असे आपली काही तरुण मंडळी म्हणतात. त्यांनी महाड आठवावे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर सवर्णांनी बाबासाहेबांवर दिवाणी दावा लावला. तो दावा महाडपासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत दहा वर्षे चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल आपल्या बाजूने लागला. सत्याग्रह एका दिवसाचा होता, कागदाची लढाई दहा वर्षांची. बाबासाहेबांनी दोन्ही लढल्या.

बाईच्या आरोग्याचा प्रश्नही त्यांना बाजूचा वाटला नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाची साधने लोकांना उपलब्ध करून द्यावीत असा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. बाबासाहेबांच्या पक्षाला संततिनियमन बाईच्या जिवासाठी आणि तिच्या निवडीसाठी हवे होते. सरकारने पुढे ते आकड्यांसाठी राबवले. शिबिरे भरवायची, रांगेत बायका झोपवायच्या, उद्दिष्ट पुरे करायचे. २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूरमध्ये अशा शिबिरानंतर १३ बायका गेल्या. २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला ही शिबिरेच तीन वर्षांत बंद करा असे सांगावे लागले. आणि आपल्या शेजारी, बीड जिल्ह्यात, ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न इतका पेटला की २०१९ मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. कोयता थांबला की उचल फिटत नाही, म्हणून पोटातला अवयवच काढून टाकायचा. यात डॉक्टर, मुकादम आणि कारखाना यांची साखळी दिसत नसेल तर आपण डोळे मिटले आहेत.

मोफत उपचार आणि अर्धे दार

१९९५ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे चंद्रिकाबाईच्या निकालाच्या तीन महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात ठरवले की डॉक्टरची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. डॉक्टरांच्या संघटनेने जोरात विरोध केला होता. हा निकाल मोठा आहे, पण त्यातली एक ओळ आपल्या माणसाने नीट समजून घेतली पाहिजे. जिथे प्रत्येकाला फुकट उपचार मिळतात, तो दवाखाना या कायद्याबाहेर आहे. केसपेपरचे नाममात्र शुल्क दिले म्हणून आपण ग्राहक होत नाही. जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना फुकट देतात, तिथे मात्र फुकटवालाही ग्राहक धरला जातो.

आता हे वालूरला लावून पाहा. सेलू तालुक्यातले हे गाव जुन्या बारवांसाठी ओळखले जाते. तिथला शेतमजूर आजारी पडला तर आधी गावातला डॉक्टर, मग सरकारी आरोग्य केंद्र, मग सेलू, मग परभणी, आणि फारच झाले तर नांदेड नाही तर घाटी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सर्वांना मोफत उपचार आहेत. चांगलीच गोष्ट आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तिथे हलगर्जी झाली तर ग्राहक आयोगाचे सोपे, स्वस्त दार बंद. ज्याच्या खिशात पैसे आहेत आणि जो खाजगीत जातो त्याच्यासाठी आयोग. ज्याच्या खिशात काही नाही त्याच्यासाठी दिवाणी कोर्ट, तेहतीस वर्षांची वाट. विषमता अशी कायद्याच्या एका ओळीतही राहते. सरकारी दवाखान्याचा रुग्णही ग्राहक आयोगात जाऊ शकला पाहिजे, ही मागणी आपल्या संघटनांनी जाहीरनाम्यात घ्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे. फुकट उपचार ही भीक नाही. तो आपल्या करातून, आपल्या श्रमातून आलेला हक्क आहे.

दिवाणी कोर्टाचे दार उघडे आहे हे चंद्रिकाबाईच्या खटल्याने दाखवले. हरियाणातल्या संत्रा या मजूर बाईनेही ते उघडले. सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया करूनही तिला मूल झाले. तिला आधीच सात मुले होती. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५४,००० रुपयांची भरपाई कायम ठेवली. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या हकीम शेख या मजुराला सरकारी दवाखान्यांनी खाट नाही म्हणून परत पाठवले, तेव्हा त्याच्याबरोबर खेतमजुरांची संघटना थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले की वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्याला २५,००० रुपये मिळाले. लक्षात घ्या, मजूर एकटा गेला नाही. संघटना सोबत गेली. हे आपल्याला का जमू नये?

हलगर्जी कशाला म्हणायचे

इथे आपल्याच लोकांना एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. माणूस दगावला म्हणजे हलगर्जी झालीच असे नाही. सर्वसाधारण कौशल्याचा डॉक्टर त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली का, हे कोर्ट पाहते. शस्त्रक्रिया निष्फळ ठरली एवढ्याने दावा टिकत नाही, असेही २००५ मध्ये ठरले आहे. त्याच वर्षी जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा टिकायला घोर हलगर्जी लागते, आणि पोलिसांनी आधी तटस्थ डॉक्टरचे मत घ्यावे. म्हणून 'आधी एफआयआर' हा आग्रह बऱ्याचदा वेळ खातो आणि दिवाणी दावा, जो जिंकता आला असता, तो मुदतीबाहेर जातो.

जातीचा प्रश्नही वेगळा मांडावा लागतो. दवाखान्यात येऊ दिले नाही, हात लावला नाही, वेगळे बसवले, तर तो गुन्हा आहे. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा, जो आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो, त्याखाली आहे आणि ॲट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीत तर दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांचा नावाने उल्लेख आहे. काठियावाडचा तो डॉक्टर आज असता तर त्याच्यावर हीच कलमे लागली असती. पण चुकीचे औषध, पोटात राहिलेला टॉवेल, वेळेवर न आलेला डॉक्टर हा हलगर्जीचा दावा आहे. दोन्ही घडले असेल तर दोन्ही लढा. एकाच्या जागी दुसरे घुसडू नका.

आणि अपमान म्हणजे जाब नव्हे. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण गेले, त्यात १२ नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण एका खासदाराने काय केले? आदिवासी समाजातून आलेल्या अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले. खाटा, औषधे, रिकामी पदे यांचा हिशेब राहिला बाजूला. कॅमेऱ्यासमोर एका माणसाला खाली पाहायला लावून कुणाचे बाळ परत आले? आपल्याला असला जाब नको. आपल्याला हिशेब हवा, आणि हिशेब कागदावर होतो.

कागद, मुदत, माणूस

म्हणून कामाचे बोलू. पहिली गोष्ट कागद. रुग्णाच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि त्या तीन वर्षे जपून ठेवायच्या असतात. वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. केसपेपर, औषधाच्या चिठ्ठ्या, तपासणी अहवाल, बिल, दुसऱ्या दवाखान्यात पाठवल्याची चिठ्ठी यांतले काहीही फेकू नका.

दुसरी गोष्ट शवविच्छेदन. 'मयताची विटंबना नको' म्हणून नातेवाईक नको म्हणतात आणि तिथेच अर्धा दावा बुडतो. आपल्या परभणीने याची किंमत पाहिली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत गेले, तेव्हा छातीत दुखल्याची गोष्ट सांगितली जात होती. शवविच्छेदनाने अंगावरच्या अनेक जखमा नोंदवल्या. त्या कागदामुळेच लढा उभा राहिला आणि जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. तो प्रश्न वेगळा होता, पण कागदाचे बळ तेच.

तिसरी गोष्ट मुदत आणि दार. खाजगी दवाखाना असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे उपचार पुण्यात झाले तरी वालूरचा माणूस परभणीत तक्रार करू शकतो. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. सरकारी दवाखाना असेल तर दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कोर्ट फी परवडत नसेल तर निर्धन म्हणून दावा लावता येतो. जगण्याच्या हक्काचाच भंग असेल तर उच्च न्यायालयात रिट आहे. तज्ज्ञ डॉक्टरचे मत जोडता आले तर उत्तम. पण प्रत्येक प्रकरणात ते लागतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आहे. त्या प्रकरणात मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार केले होते.

चौथी गोष्ट माणूस. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ही सोय आपल्या किती घरांना ठाऊक आहे? जयंतीच्या वर्गणीचा हिशेब ठेवणारा कार्यकर्ता प्रत्येक वस्तीत आहे. तसाच केसपेपर वाचणारा, अर्ज लिहिणारा आणि तारखेला बाईसोबत परभणीच्या कोर्टात जाणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक वस्तीत का नसावा? मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी १९५० मध्ये मराठवाड्यात काढले ते कशासाठी? पदवी भिंतीवर टांगण्यासाठी तर नव्हे.

काठियावाडच्या शिक्षकाजवळ फक्त पत्र होते. चंद्रिकाबाईच्या घराजवळ संविधान होते, आणि त्यांनी ते तेहतीस वर्षे हातातून सोडले नाही. आपल्याजवळ संविधान आहे, तो निकालही आहे. आता नशिबाला बोल लावायचा की दवाखान्याला नोटीस द्यायची, हे आपण ठरवायचे आहे.

जय भीम!